गोष्टींतल्या मुली आणि आमची सिस्टर

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लावलेल्या इंग्रजी लघुकथा मी इतकी वर्षं शिकवत आले की आता पुस्तक उघडावंही लागत नाही. हजेरीपटावर पोरं भरपूर, वर्गात पुढच्या दोन बाकांवर सात-आठ मुली, आणि मागे दाराजवळ बसलेले दोघं-तिघं, बसची वेळ झाली की उठून जाणारे. मी तोंडपाठ बोलत राहते. मध्येच ध्यानात येतं की आपण काय बोललो ते आपल्यालाच ऐकू आलेलं नाही.

त्या सगळ्या गोष्टींत एक मुलगी असते. कुणाकडे मोलकरीण असते, कुणाच्या मुलांना शिकवायला ठेवलेली असते, नाहीतर कपड्यांना इस्त्री करून देणाऱ्या बाईची लेक असते. मोठ्या घरातल्या कुणाचा तरी तिच्यावर जीव जडतो. सुट्टी असते तोवर टिकतो. लेखकाला त्या मुलीची फार दया येते, आणि दया येऊन तो तिला एकतर मारून टाकतो, नाहीतर तिच्याच पायरीच्या एखाद्या सुताराशी तिचं लग्न लावून मोकळा होतो. एका गोष्टीत मात्र ती मोठ्या घरात सून होऊन जाते. मग जेवणाच्या टेबलावर कोणता काटा आधी उचलायचा या भीतीनं वाळत जाते.

मी दरवर्षी सांगायची, 'आपल्याकडे जशी जात, तसा तिकडे वर्ग.' मुली लिहून घ्यायच्या आणि उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांमधून तेच वाक्य मला परत मिळायचं, थोडं मोडून. त्या वाक्यापलीकडे मी स्वतःही कधी गेले नव्हते.

कोरोना ओसरला त्या हिवाळ्यात आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याच्या घरात आम्ही दोघीच. माझं लग्न जमता जमता राहून गेलं होतं, बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि धाकटा भाऊ नागपूरला मोठ्या हुद्द्यावर. शेजाऱ्यांनी उचलून गाडीत ठेवलं, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात नेलं. भावाचा मुलगा, माझा भाचा, तिथेच शिकत होता. एम.बी.बी.एस. करून पुढचं शिक्षण चालू होतं. तो धावत आला. त्याच्या ओळखीनं सगळं लवकर झालं आणि दुसऱ्या दिवशी आईचं ऑपरेशन झालं.

वॉर्डात जी सिस्टर होती तिचं वय पंचविशीच्या आतबाहेर. सावळी, हाडापेरानं मजबूत, चालताना चपलांचा आवाज न करणारी. आईला सगळ्यात मोठं दुःख हाडाचं नव्हतं, पलंगावर भांडं घ्यावं लागतं याचं होतं. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाची ओझी उचललेली बाई, कुणापुढे हात न पसरलेली. आता ती दुसऱ्यानं आपल्याला धुवावं म्हणून तोंड भिंतीकडे करून रडायची.

"आजी, रडता काऊन?" सिस्टर म्हणायची. "मले बी एक दिवस कोनीतरी धुईनच ना. तुमचं गाव कोनतं?"

"माहेर आंजी मोठी," आई भिंतीकडे बघतच सांगायची.

"आंजीचे वांगे लय भारी राह्यते म्हणते. खरं हाये का?"

वांग्यांबद्दल बोलता बोलता काम होऊन जायचं. आई तिची ड्यूटी असेल तेव्हाच भांडं मागायला लागली. दुसरी कुणी असली तर तासन्‌तास आवरून धरायची.

मी कॉलेज करून दुपारी वॉर्डात पोचायची आणि आई झोपली की पलंगाशेजारी बसून दुसऱ्या दिवशीचा धडा चाळायची, सवयीनं. एकदा सिस्टरनं सलाइन बदलता बदलता पुस्तकाकडे मान वळवून पाहिलं.

"मॅडम, हे तुम्ही कॉलेजात शिकवता?"

"हो."

"मले शिकवान का? मले बाहेरच्या देशात जायाचं हाये. त्याची इंग्रजीची परीक्षा राह्यते. लिहाचं जमते मले. बोलाचं नाई जमत. तोंडच नाई उघडत."

मी हो म्हटलं ते खरं तर थकून म्हटलं. नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं. पण आईला घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी ती दारात हजर. स्कूटीला संत्र्यांची पिशवी अडकवलेली. तिचं घर कारंजा घाडगेचं. वडील हायवेवर एका ढाब्याच्या मागे ट्रकच्या टायरांचे पंक्चर काढतात, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्याच समाजातली आहे हेही आईनं पाच मिनिटांत काढून घेतलं. आडनाव विचारलं, मामाकडचं आडनाव विचारलं, आणि मग समाधानानं मान हलवली.

बोलायची सवय व्हावी म्हणून मी तिला गोष्टी मोठ्यानं वाचायला लावायची आणि मग तिच्या शब्दांत सांगायला. पहिली दिली ती मला नेहमी सोपी वाटणारी. एका श्रीमंत म्हातारीला पुस्तकं वाचून दाखवायला एक गरीब मुलगी ठेवलेली असते. म्हातारीचा पुतण्या सुट्टीला येतो. दोघांचं जमतं. तो सांगतो, अमुक दिवशी बागेच्या फाटकाशी उभी राहा, मी तुला न्यायला येईन. ती दुपारभर उभी राहते. शेवटी घोडागाडी येते. आत तो असतो आणि शेजारी त्याची वाग्दत्त वधू. तो टोपी उचलून तिला नमस्कार करतो. मुलगी वर जाते आणि वाचन थांबलं होतं त्या ओळीपासून पुढे वाचू लागते.

तिनं अडखळत अडखळत सगळं सांगितलं. मग मराठीवर आली.

"मॅडम, ही गोष्ट बाईनं लिहिली का माणसानं?"

"माणसानं. का?"

"नाई, ती पूरी दुपार फाटकापाशी उभी होती. तेवढ्या वेळ म्हातारीजवळ कोन होतं? तिनं पाणी मागतलं असन, तिले बाथरूमले जायाचं असन. त्याचं काहीच नाई लिहिलं."

मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन, कारण आतून आई म्हणाली, "काय झालं व?"

भाचा रविवारी आजीला बघायला यायचाच. आला की तोही गोष्टीत ओढला जाऊ लागला. ती मुलीचं बोलणं वाचायची, तो पुरुषांचं. त्याचा उच्चार नागपूरच्या कॉन्व्हेंटचा, स्वच्छ. ती ऐकून तसंच म्हणून बघायची, चुकली की स्वतःच कपाळावर हात मारायची. तो तिला हसायचा नाही, ही गोष्ट मला आवडली. आमच्या घरात कधी उठून पाण्याचा पेलाही न घेणारा तो मुलगा ती येणार असली की आधीच खुर्च्या व्हरांड्यात नेऊन ठेवू लागला. संत्री सोलून तो आजीला फोडी द्यायचा. एकदा सोललेलं अर्धं संत्रं त्याचा हात आपोआप तिच्याकडे घेऊन गेला आणि आजीचा हात तसाच पुढे राहिला. आईनं ते पाहिलं. हात मागे घेतला.

त्याची परीक्षा वर्षावर आली होती तेव्हा एका संध्याकाळी तो गाडी सुरू न करताच फाटकात उभा राहिला.

"आत्या, मला तिच्याशी लग्न करायचंय."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, घरी सांग आधी."

मला मनापासून बरं वाटलं. जन्मभर मी आंतरजातीय लग्नांची भांडणं बघितली होती. घरातून काढलेली पोरं, पोलीस स्टेशनात बसलेल्या आया. इथे तर तसलं काहीच नव्हतं. एक समाज, एक विहार, एकच त्रिशरण. मी त्याला म्हटलं, "सांग की मग. यात अडायचं काय?"

पुढच्या शनिवारी भाऊ आणि भावजय नागपूरहून आले. भावजय स्वभावानं वाईट नाही. आईच्या आजारपणात दर पंधरा दिवसांनी डबे घेऊन यायची. त्या दिवशीही मेथीचे पराठे आणले होते. ते गरम करून आईला भरवून झाल्यावर तिनं विषय काढला.

"ताई, तुमच्याच घरी झालं हे सगळं."

"वाईट काय झालं? मुलगी चांगली आहे."

"मी वाईट कुठं म्हणते? गुणाचीच आहे. पण उद्या हा दवाखाना टाकणार, चार डॉक्टरांत बसणार. तिचे वडील लग्नाला येतील तेव्हा हा कसा ओळख करून देणार?"

"सासरे म्हणून."

भाऊ इतका वेळ मोबाइल चाळत होता. तो म्हणाला, "ताई, तू कॉलेजात शिकवतेस ते ठीक आहे. आपण वर यायला तीन पिढ्या घातल्या. आणखी एक पिढी मागं कशाला जायचं?"

मी म्हटलं, "बाबा शिपाई म्हणून लागले होते."

"म्हणूनच म्हणतो ना," तो म्हणाला.

मला वाटलं, आई बोलेल. तिचा शब्द भाऊ मोडत नसे. धर्मांतराच्या वेळी ती लहान होती. आजोबांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेली होती आणि ती गर्दी, ती पांढरी लुगडी, हे सगळं ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली होती. माणूस माणसासारखा, हे तिच्याकडूनच आम्ही शिकलो. मी तिच्याकडे पाहिलं. ती चादरीची कड बोटांनी चाचपत होती.

"म्या जिनिंगमधी ओझे उचलले," ती म्हणाली. "रुईनं नाक भरून जाये. ते काऊन उचलले? पुन्हा ट्रकाच्या चाकापाशी जाऊन बसाले? नाई बाप्पा. पोरगी लाख मोलाची हाये. पण आपल्या पोराले डाक्टरीन पाह्य."

भावजयीनं पदर सारखा केला. विषय संपला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत राहिले. माझं ते वाक्य, आपल्याकडे जात आणि तिकडे वर्ग, त्या दिवशी माझ्याच घरात निकालात निघालं. आमच्याकडेही आता ते तिकडचं होतं. आमच्या हातात चार पैसे आले, घराला गेट आलं, आणि त्याच्या मागून ते आलं. मी कुणावर चिडणार? भावाच्या मुलानं डॉक्टर व्हावं म्हणून मीही चातकासारखी वाट पाहिली होती.

भाचा मागे हटला नाही. तो म्हणाला, परीक्षा होऊ दे, मी आईला वळवतो. सिस्टरनं त्याच्यापुढे एकच गोष्ट ठेवली. "आमच्या घरी येऊन एक डाव जेवून जा." मलाही बोलावलं. एका रविवारी आम्ही दोघं त्याच्या गाडीनं कारंज्याला गेलो.

ढाब्याच्या मागे टायरांची रांग, तिच्या पलीकडे विटांच्या दोन खोल्या, वर टिन. अंगण मात्र इतकं झाडलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. तिची आई बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याशी झटत होती. वडील हात धुऊन आले, तरी नखांच्या कडांमध्ये काळं राहिलंच होतं. ते हात मागे धरून उभे राहिले.

"बसा सायेब," ते म्हणाले.

"साहेब नका म्हणू हो," भाचा म्हणाला.

मग तो खूप छान वागला. फारच छान वागला. बाजेवर बसला, स्टीलच्या ताटात जेवला, रस्सा तिखट लागून डोळ्यांत पाणी आलं तरी दोनदा मागून घेतला. भिंतीवरच्या तसबिरींना हात जोडले. खोली थंड आहे म्हणाला, अंगण मोठं आहे म्हणाला, चुलीवरच्या भाकरीची चवच वेगळी म्हणाला. मी त्याच्याकडे बघत होते. रिक्षावाल्यालाही 'काका' म्हणून हाक मारणारा माझा भाचा त्या दुपारभर त्या माणसाला काहीच म्हणाला नाही. काका नाही, बाबा नाही. काही सांगायचं झालं की नुसतं "अहो" म्हणून सुरुवात करायचा. ती वाढत होती. तिनं ते ऐकलं असणार, कारण तिसऱ्यांदा "अहो" झालं तेव्हा तिचा वाढणारा हात ताटावर थोडा थांबला.

परत येताना तो गाडीत म्हणाला, "किती साधी माणसं आहेत, नाही आत्या?"

मी म्हटलं, "हो."  तळेगावपर्यंत मी खिडकीबाहेरची संत्र्यांची झाडं बघत राहिले.

पुढच्या रविवारी ती नेहमीच्या वेळेला आली. पुस्तक काढलं, पेन काढलं. मग पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मी त्याहिले नाई म्हणून सांगतलं."

"का? तो काही बोलला?"

"काहीच नाई बोलले. लय चांगले वागले. माह्या मायले तं रडूच आलं, एवढा मोठा डाक्टर आपल्या घरी जेवला म्हणून." तिनं पुस्तक मिटलं. "तेच तं. ते जेवाले नाई आलते, मॅडम. ते चांगलं वागाले आलते. माह्या बापानं हात मांगं लपवले. माह्या बापाले म्या कधी हात लपवताना नाई पाह्यलं. रोज पाह्यचं का ते? दर दिवाळीले?"

"तो शिकेल," मी म्हटलं. "मनाचा चांगला आहे."

"चांगले हायेतच. म्हणून तं 'नाई' म्हणाले एवढा वेळ लागला." तिनं पेन पिशवीत टाकलं. "ते म्हणते, आई मानन, वेळ दे. मी म्हटलं, मी काय फाटकापाशी उभी राहू? माह्या ड्यूट्या हायेत."

त्या दिवशी आम्ही काही वाचलं नाही. भाचा संध्याकाळी आला आणि व्हरांड्यात डोकं धरून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्याची चूक काय होती हे मला नीट सांगता आलं नसतं, त्यालाही कळलं नसतं. त्याला त्या घरातलं सगळं खरंच आवडलं होतं.

मला वाटलं, आता ती यायची नाही. पण ती येत राहिली. परीक्षा जवळ आली होती, आणि आईच्या पायाचे व्यायामही तीच करून घ्यायची. एका सकाळी आईला उन्हात खुर्चीवर बसवून ती तिच्या पायाची नखं काढत होती. मी आत डाळ निवडत होते, खिडकी उघडी होती.

"आजी," ती म्हणाली, "तुम्ही बी नाई म्हटलं म्हणते."

आईनं गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. मग म्हणाली, "हो."

"काऊन?"

"पोरी, तुनं माह्यं सगळं काढलं. हागलं, मुतलं, सगळं. माह्या पोटच्या पोरीनं नाई पाह्यलं तेवढं तुनं पाह्यलं. उद्या तू नातसून म्हणून माह्यासमोर डोक्यावर पदर घेऊन उभी राह्यली असती, तं म्या तुले कोन्या तोंडानं काम सांगतलं असतं? कोन्या तोंडानं आशीर्वाद देल्ला असता? मले लाज वाटते व तुही. ट्रकाचं, चाकाचं म्या पोराले सांगाले म्हणून सांगतलं."

मी डाळीतला हात थांबवला. बाहेर नेलकटरचा आवाजही थांबला होता. मला वाटलं, ही आता उठेल, चप्पल घालेल आणि जाईल.

"दुसरा पाय द्या, आजी," ती म्हणाली.

आणि मग तो बारीक आवाज पुन्हा सुरू झाला.

परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली. इंग्लंडमधल्या कुठल्याशा लहान गावी, वृद्धांच्या निवासात तिला काम मिळालं. जायच्या आधी पाया पडायला आली, तेव्हा आईनं तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ उचलले नाहीत.

तिथून तिचे फोन यायचे, माझ्या दुपारच्या वेळी. थंडीचं सांगायची, बेचव जेवणाचं सांगायची. तिकडच्या म्हाताऱ्यांचंही.

"मॅडम, इथं बी हाये बरं का ते, लहान-मोठं. मले वाटलं म्हतारपणी सारे सारखेच असतीन. एक बाई हाये, तिचा बाप जमीनवाला होता म्हणते. ती घंटी वाजवते आन् आपण पोचेपर्यंत बोट काढतच नाई. दुसरी जन्मभर लोकांच्या घरी सैपाक करत होती. तिचा डायपर पूरा भरला तरी घंटी वाजवत नाई. आपल्याले तरास होईन म्हणते. दोघींच्या खुर्च्या एकाच खिडकीपाशी हायेत. एकमेकींशी बोलत नाई. बोलण्यावरूनच समजते म्हणते, कोन कुठची ते."

"तुझ्याशी बोलतात ना?"

"माह्याशी बोलते. मी कुठचीच नाई इथची. मले दोघी बी सांगते."

इकडे भाच्याचं लग्न झालं. नागपूरला मोठा हॉल, मुलगी डॉक्टर, हसतमुख. सासूशी तिचं पटतं, नवऱ्याशी पटतं, माझ्याही पाया पडते. तिच्यात खोड काढावी असं काहीच नाही. आईला व्हीलचेअरवर बसवून नेलं होतं. फोटो काढताना भाचा तिच्या पायाशी बसला. मी त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते पाहिलं. दिसला तो एक नुकतं लग्न झालेला दमलेला तरुण. सुखी असेल तो. असावा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई गेली. शेवटचे काही दिवस तिला माणसं ओळखू येत नव्हती. मी जवळ गेले की "सिस्टर" म्हणायची. मी भांडं दिलं, धुतलं, आणि तिनं मला आंजीच्या वांग्यांबद्दल सांगितलं. मला ती मुलगी म्हणून हाक मारत नव्हती याचं वाईट वाटायला हवं होतं. तेवढी ताकदच नव्हती अंगात. ती निवांत होती, तेवढं पुरे होतं.

सिस्टरला फोन करून मी कळवलं. 

"जवळ कोन होतं, मॅडम?"

"मी होते."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिला बोलावणं आलं असावं, कुणीतरी मागून हाक मारत होतं. तिनं फोन ठेवला.

गेल्या हिवाळ्यात ती आली. न कळवता, भर दुपारी. मी नुकतीच कॉलेजातून आले होते. गुडघे दुखत होते. निवृत्तीला अजून वर्षं आहेत आणि ती संपतील असं वाटत नाही. केस कापले होते तिनं, अंगानं भरली होती. पण बोलायला लागली तशी दोन वाक्यांत कारंज्याला येऊन पोचली. चहा तिनंच ठेवला. तिथे एक मुलगा भेटलाय, म्हणाली. केरळचा, तोही नर्सच.

"माही नाइट संपली का तो चहा करून ठेवते. बोलाले आम्हाले दोघायले बी इंग्रजीच लागते, दुसरी भाषाच नाई सामाईक. भांडण बी इंग्रजीतच. तुम्ही ऐकान तं हसान."

"घरी सांगितलंस?"

"बापाले सांगतलं. बाप म्हणे, त्याच्या मायबापाचं काय? म्या म्हटलं, त्याचा बाप मासे इकते बाजारात. तं बाप म्हणे, मंग येऊ द्या त्याहिले, बसू सोबत."

थोड्या वेळानं तिनं कपात बघत विचारलं, "डाक्टर बरे हायेत ना?"

"बरे आहेत. मुलगी झाली."

"हो. पाह्यला फोटो. आजीवर गेली ती."

मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, माझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळ बघत बसली.  पिशवीतून यंत्र काढून बी.पी. घेतलं.

"मॅडम, किती थकून राह्यल्या तुम्ही. गोळी घेता का रोज?"

"आठवलं की घेते."

"आता पडा जरा. मी हाये इथं."

"अगं, तू पाहुणी…"

"पडा म्हणते ना."

मी पडले. कुणी पड म्हणावं आणि आपण पडावं, असं किती वर्षांत झालं नव्हतं. बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज येत होता. ती फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती, बहुतेक त्याच्याशी. सुट्टी वाढवण्यावरून काहीतरी वाद चालला होता. उच्चार ना माझ्या पुस्तकातले होते, ना भाच्याच्या कॉन्व्हेंटचे. वाक्याच्या शेवटी आवाज कारंज्याच्या बोलीसारखा वर जात होता. शब्द मात्र एकही अडत नव्हता. ऐकता ऐकता माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती गेली होती, दार ओढून घेतलेलं. कप धुऊन पालथे घातले होते, आणि दूध तापवून त्यावर ताटली झाकलेली होती.